यंदा बेंगळूरला पाठवू नका

प्रश्न : आम्ही वडगावचे. घरी चार यंत्रमाग आहेत, त्यावरच संसार चालतो. मोठी मुलगी चौदा वर्षांची, मराठी माध्यमात नववीला आहे. चौथीच्या सुट्टीत खानापूर तालुक्यात मामाच्या विहिरीवर पाठीला डबा बांधून पोहायला शिकली. पुढे इथल्या २५ मीटरच्या तलावावर नाव घातले. अकराव्या वर्षी जिल्ह्यात पहिली आली, तेराव्या वर्षी राज्य स्पर्धेत २०० मीटर फ्रीस्टाइलला कांस्यपदक मिळाले. बाराव्या वर्षी २ मिनिटे ३८ सेकंद लागायचे, वर्षभरात ते २:२२ वर आले. गेल्या सहा-सात महिन्यांत मात्र वेळ हलत नाही आणि मागच्या महिन्यात बेंगळूरच्या स्पर्धेत तर २:२६ लागले. परतताना रेल्वेत ती एक शब्द बोलली नाही. तिथल्या एका प्रशिक्षकांनी सांगितले, ‘जूनपासून इकडे आमच्या अकादमीत ठेवा, नाहीतर मुलगी वाया जाईल. वजनही वाढले आहे, भात बंद करा.’ यजमान पाठवायच्या तयारीत आहेत, दोन माग विकू म्हणतात. सासूबाई म्हणतात, वयात आलेली मुलगी परगावी नको. कोल्हापूरचे दीर म्हणतात, महाराष्ट्राकडून खेळवा. मुलीला विचारले तर ‘तुम्ही म्हणाल तसे’ एवढेच उत्तर येते. पूर्वी शर्यत संपली की हसत वर यायची. आता भिंतीला हात लागला की आधी वडिलांच्या हातातल्या घड्याळाकडे बघते. काय करावे? यजमानांच्या वहीची दोन पाने सोबत जोडत आहे.

– एक आई, वडगाव, बेळगाव

ताई,

आधी उत्तर सांगते आणि मग कारणे. यंदाच्या जूनमध्ये मुलीला बेंगळूरला पाठवू नये आणि माग तर मुळीच विकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बेंगळूर कायमचे नको असे मी म्हणत नाही. दहावी झाल्यावर आणि मुलीने स्वतःच्या तोंडाने जायचे आहे असे म्हटल्यावर हा विचार अवश्य करावा. परंतु वेळ अडली म्हणून घाबरून घेतलेला निर्णय आणि मुलगी पुढे जाते आहे म्हणून घेतलेला निर्णय हे दोन वेगळे निर्णय असतात, आणि आज तुमच्या घरात पहिल्या प्रकारचा निर्णय घाटतो आहे.

यजमानांच्या वहीची पाने मी दोनदा वाचली. सुताच्या हिशेबाच्या वहीत, एका बाजूला बीम आणि मजुरीचे आकडे आणि समोरच्या पानावर मुलीच्या वेळा, तारखेनिशी, सेकंदाच्या शतांशापर्यंत लिहिलेल्या आहेत. इतक्या काळजीने मुलीची वाटचाल नोंदवणारा बाप तिला लाभला आहे, हे मी आधी नमूद करते. मात्र त्या नोंदींत एक घोटाळा झाला आहे आणि तुमची निम्मी भीती त्या घोटाळ्यातून आलेली आहे. २५ मीटरच्या तलावातल्या आणि ५० मीटरच्या तलावातल्या वेळा त्यांनी एकाच रकान्यात एकाखाली एक लिहिल्या आहेत. त्या तशा लिहिता येत नाहीत. २०० मीटरच्या शर्यतीत लहान तलावात आठ फेऱ्या आणि सात टर्न होतात, तर मोठ्या तलावात चारच फेऱ्या आणि तीनच टर्न होतात. प्रत्येक टर्नला पायांनी भिंत ढकलून जो वेग मिळतो तो हातांनी पाणी ओढून मिळणाऱ्या वेगापेक्षा जास्त असतो आणि त्या दोन क्षणांत खांद्यांनाही विसावा मिळतो. म्हणून लहान तलावातली वेळ नेहमीच कमी दिसते. याच शर्यतीच्या दोन प्रकारच्या तलावांतल्या जागतिक विक्रमांतही तीनेक सेकंदांचा फरक आहे, आणि टर्न अजून पक्के न झालेल्या मुलांत तो याहून जास्त पडू शकतो.

आता तीच वही पुन्हा उघडा. बेळगावच्या तलावातले २:२२ आणि बेंगळूरचे २:२६ यांची तुलना सोडून द्या. गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत कांस्यपदक मिळाले तेव्हा मोठ्या तलावात तिला २:२८ लागले होते, अशी नोंद दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे. म्हणजे जी शर्यत संपवून ती रेल्वेत गप्प बसली होती, त्या शर्यतीत ती मोठ्या तलावातली आपली वेळ दोन सेकंदांनी सुधारून आली होती. हे तिला कोणीच सांगितले नाही. आज संध्याकाळी ती दोन पाने तिच्यापुढे ठेवा आणि यजमानांनाच ते समजावून सांगू द्या. वहीत यापुढे दोन रकाने आखा.

तरीही घरच्या तलावात सहा-सात महिने वेळ हलली नाही हे खरे आहे आणि ते मी झाकून ठेवणार नाही. मुलींची उंची साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. बाराव्या ते तेराव्या वर्षात तुमच्या लेकीचे जे सोळा सेकंद कमी झाले, त्यांत तिची मेहनत होतीच, पण वाढलेल्या हातापायांचा वाटाही मोठा होता. हात लांब झाला की हाताच्या एका ओढीत जास्त अंतर कापले जाते. मासिक पाळी सुरू झाल्यावर उंचीची वाढ मंदावते, नितंब रुंदावतात, शरीरातले चरबीचे प्रमाण निसर्गतःच वाढते आणि पाण्यातला शरीराचा तोल बदलतो. ज्या अंगाने ती पोहायला शिकली ते अंग आता तेच राहिलेले नाही, आणि नव्या अंगाशी जुळवून घ्यायला महिने लागतात, काही मुलींना दोन वर्षेही लागतात. याच काळात तिच्याबरोबर शिकलेल्या मुलग्यांच्या स्नायूंना बळ येत असते, त्यामुळे कालपर्यंत मागे असलेली मुले शेजारच्या लेनमधून पुढे जाताना तिला दिसत असतील. तिने याची कोणाजवळ वाच्यता केली नसेल, पण ते तिच्या नजरेतून सुटलेले नसणार. या वयातल्या मुलीला हे कोणीतरी स्वच्छ शब्दांत सांगायला हवे आणि ते काम बहुधा तुमचेच आहे.

या काळात प्रशिक्षकाने आकड्यांच्या मागे न लागता हात पाण्यात कसा शिरतो, श्वास घेताना डोके किती उचलले जाते, टर्न किती घट्ट होतो, याकडे लक्ष द्यायचे असते. तुमच्या इथल्या प्रशिक्षकांना एवढेच विचारा की पुढचे सहा महिने तुम्ही तिच्या कोणत्या दोन गोष्टी सुधारणार आहात. त्यांनी नेमके उत्तर दिले तर मुलगी योग्य हातांत आहे. ‘आणखी फेऱ्या वाढवू’ एवढेच उत्तर आले तर सावध व्हा, कारण वाढत्या वयात फेऱ्या वाढल्या की आधी खांदा बोलू लागतो. खांदा दुखतो का, हे तिला एकटीला विचारा. स्पर्धेतून नाव निघेल या भीतीने मुले दुखणे लपवतात.

आता भाताविषयी. या एका वाक्याने मला तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या मजकुरापेक्षा अधिक अस्वस्थ केले. मी शाळेत क्रीडाशिक्षिका होते तेव्हा आमच्या धावपटू मुलींपैकी एकीला बाहेरच्या एका शिबिरात असेच सांगितले गेले होते. तिने आधी भात सोडला, मग रात्रीची भाकरी सोडली. सुरुवातीला तिची वेळ थोडी सुधारली, त्यामुळे आम्हा सगळ्यांना वाटले की सल्ला बरोबर होता. पुढे तिची पाळी थांबली आणि पाठोपाठ नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. मला ते दिसत होते आणि मी वेळेवर बोलले नाही, म्हणून आज तुम्हाला बोलते आहे. वयात येणाऱ्या आणि दिवसातून दोन-तीन तास पाण्यात घालवणाऱ्या मुलीचे वजन वाढलेच पाहिजे. तिचे जेवण तोडले तर हाडे, रक्त आणि पाळी या तिन्हींवर परिणाम होतो. भात बंद करू नका. सकाळी सरावाला जाण्याआधी केळे किंवा गूळ-शेंगदाणे, आल्यावर पोटभर न्याहारी, दुपारी भाकरी, उसळ, पालेभाजी, भात, चालत असेल तर अंडी, आणि रात्रीचे जेवण लवकर, एवढे पुरे आहे. पावडरच्या डब्यांवर पैसे घालवू नका. जेवणावर लगेच चहा मात्र देऊ नका, त्याने अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही.

लोहाचा विषय निघालाच आहे तर या आठवड्यातच तिचे रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही. या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, खाली गेलेला असू शकतो. अशी मुलगी पहिले १०० मीटर चांगली पोहते आणि तिसऱ्या पन्नासात एकदम जड होते. तुमच्या वहीत फेऱ्यांच्या वेगळ्या वेळा असतील तर हे ताडून पाहता येईल. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करू नका. झोपही मोजा. तिच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि पहाटे साडेचारला उठणारी मुलगी रात्री अकरापर्यंत गृहपाठ करत असेल तर वेळ कशी हलणार?

तुमच्या यजमानांच्या मनात कोणाचे उदाहरण असेल याचा मला अंदाज आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला धिनिधी देसिंगू गेली तेव्हा ती चौदा वर्षांचीच होती, भारतीय पथकात सर्वांत लहान, आणि शर्यतही हीच, २०० मीटर फ्रीस्टाइल. तिथे तिने २:०६.९६ अशी वेळ दिली आणि तेविसावी आली. आपल्या राज्यातली मुलगी म्हणून मलाही तिचा अभिमान वाटला. पण त्या उदाहरणातली एक गोष्ट पालकांच्या नजरेतून सुटते. धिनिधी बेंगळूरचीच आहे. तिचे घर, तिची शाळा आणि तिचा तलाव एकाच शहरात होते, म्हणजे दिवस कसाही गेला तरी रात्री ती आपल्या आईवडिलांच्या घरी झोपायला येत होती. तुमच्या मुलीपुढे जो पर्याय ठेवला आहे तो हा नाही.

दुसरे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सतरा पूर्ण होण्याआधीच २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० मध्ये ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले, आणि १९८६ च्या सोल स्पर्धेत खजानसिंगने रौप्यपदक मिळवल्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला पोहण्यात आशियाई पदक मिळाले. त्यानंतर तो तहसीलदार झाला, नोकरीत अडकला आणि काही वर्षे मोठ्या स्पर्धांपासून दूरच राहिला. लोकांनी त्याला जवळजवळ विसरून टाकले होते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तो पुन्हा उतरला, ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत एका शतांश सेकंदाने त्याचे पदक हुकले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होत आला होता. पंचगंगेकाठच्या एका मुलाची कारकीर्द इतकी चढउतारांची असू शकते, तर चौदाव्या वर्षी सहा महिने वेळ अडलेल्या मुलीला ‘वाया जाईल’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता बेंगळूरविषयी. तिथे जे आहे ते आपल्याकडे नाही, हे मान्य करायला हवे. देशातले अनेक चांगले जलतरणपटू त्या एका शहरात सराव करतात, आणि वेगवान सोबत्यांच्या मागे पोहून मुले जे शिकतात ते एकट्याने शिकता येत नाही. म्हणूनच मी ‘कधीच नको’ म्हणत नाही. पण तुमची मुलगी मराठी माध्यमात शिकली आहे. जूनमध्ये ती गेली तर ऐन दहावीच्या वर्षात तिचे माध्यम बदलेल, शाळा बदलेल, घर सुटेल आणि त्यातच अडलेली वेळ सोबत असेल. चौदा वर्षांच्या मुलीवर हे चार बोजे एकदम टाकू नयेत. दहावी इथे झाली की पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, तिला तसेही बहुधा इंग्रजी माध्यमात जावे लागणार आहे. म्हणजे माध्यम बदलण्याचा त्रास जो एकदा व्हायचाच आहे, त्यातच गाव बदलण्याचाही होऊन जाईल. तोवर तिची वाढही बरीचशी स्थिरावलेली असेल आणि ती खरोखर किती पाण्यात आहे हे आजच्यापेक्षा स्पष्ट दिसेल.

मधल्या काळात तिला मोठ्या तलावाची सवय लागायला हवी. त्यासाठी पाचशे किलोमीटर जाण्याची गरज नाही. बेळगावातच केएलई संस्थेचा सुवर्ण जेएनएमसी तलाव ऑलिंपिक मापाचा आहे. आठवड्यातून दोन दिवस तिथे सराव करता येईल का, याची प्रशिक्षकांमार्फत चौकशी करा. आणि मे महिन्याच्या सुट्टीत दोन-तीन आठवडे बेंगळूरला नेऊन आणा. तुम्ही स्वतः सोबत राहा, राणी चन्नम्मा एक्सप्रेसचे जाण्याचे आणि येण्याचे तिकीट आधीच काढून ठेवा, म्हणजे ही फक्त ओळख करून घेण्याची फेरी आहे हे तिलाही कळेल आणि तिथल्या मंडळींनाही. त्या दिवसांत तलावापेक्षा वसतिगृह नीट पाहा. मुलींच्या मजल्यावर रात्री बाई कोण असते, घरी फोन कधी करता येतो, पाळीच्या दिवसांत सराव कसा देतात, तिथे आधीपासून असलेल्या मुली जेवताना मोकळेपणाने बोलतात की गप्प असतात. सासूबाईंची काळजी जुनाट म्हणून झटकू नका. त्यांचे म्हणणे याच प्रश्नांच्या रूपाने तिथे मांडा आणि उत्तरे समाधानकारक नसतील तर नाव कितीही मोठे असले तरी तिथे ठेवू नका.

दिरांच्या सूचनेबद्दल थोडक्यात लिहिते. सीमाभागातल्या माणसाला राज्याचा प्रश्न हा अर्जातला नुसता रकाना नसतो, हे इथेच वाढलेल्या मला कोणी सांगायला नको. तरीही मुलगी इथल्या शाळेत आहे, तिची नोंदणी आणि प्रमाणपत्रे कर्नाटकाची आहेत, एका वेळी एकाच राज्याकडून खेळता येते आणि राज्य बदलायचे तर ना-हरकत पत्रापासून सगळी धावपळ करावी लागते. शिवाय पोहण्यात कर्नाटक हे देशातले आघाडीचे राज्य आहे, म्हणजे इथल्या राज्य स्पर्धेतले कांस्यपदक वजनदार आहे. आहे तिथेच राहू द्या. कोल्हापूर जवळ आहे, तिथल्या निमंत्रित स्पर्धांना जरूर न्या.

माग विकण्याविषयी एवढेच सांगते की ज्या दिवशी मुलीला कळेल की आपल्यासाठी दोन माग गेले, त्या दिवसापासून ती प्रत्येक शर्यत त्या मागांची किंमत डोक्यावर घेऊन पोहेल. तिला आधीच पुरेसे ओझे आहे. पंधरा-वीस हजारांचा शर्यतीचा पोशाखही आत्ता घेऊ नका. तो काही वापरांतच सैल पडतो, आणि कापडाची जाण असलेल्या तुमच्या यजमानांना तो हातात घेतल्यावर हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आणि ते घड्याळ. तुमच्या पत्रातले ‘आधी घड्याळाकडे बघते’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. यजमानांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, त्यांनी पहाटे उठून चार वर्षे काठावर उभे राहून तिला इथवर आणले आहे. पण वेळ घेणे हे प्रशिक्षकांचे काम आहे. पुढचे तीन महिने यजमानांनी घड्याळ घरी ठेवावे आणि वही मुलीच्या हवाली करावी. तिला वाटेल ते तिने त्यात लिहावे, आकडे लिहावेत किंवा लिहू नयेत, कोणी मागून पाहू नये. सुट्टीत बेंगळूरच्या आधी दोन दिवस मामाकडे जा. ज्या विहिरीत ती पोहायला शिकली तिथे तिला मनसोक्त उड्या मारू द्या आणि तिथे पोहण्याविषयी एक अक्षरही काढू नका. ‘तुम्ही म्हणाल तसे’ हे उत्तर मुलाला मत नसते म्हणून येत नाही. आपल्या मतामुळे घरात कोणाचे तरी मन दुखावेल असे वाटते, तेव्हा ते येते. तिला सांगा की तू पोहणे थांबवलेस तरी चालेल, बेंगळूरला गेलीस तरी चालेल, इथेच राहिलीस तरी चालेल, आणि हे यजमानांनी तुमच्यासमोर सांगावे. मग उत्तरासाठी घाई करू नका, आठवडे लागले तरी चालतील.

अकादमीला उत्तर द्यायचे राहिले आहे. दूरध्वनीवर बोलू नका, पत्र लिहा. आमंत्रणाबद्दल आभार माना, यंदा दहावी असल्याने मुलगी बेळगावातच राहील, सुट्टीत दोन-तीन आठवडे सरावासाठी येण्याची इच्छा आहे आणि तिचे जेवण आम्ही कमी करणार नाही, एवढे चार ओळींत लिहा. मजकूर पाठवण्याआधी मुलीला वाचायला द्या आणि तिला एखादे वाक्य बदलावेसे वाटले तर बदलू द्या. खाली तुम्हा दोघांच्या सह्या करा आणि तिसरी जागा तिच्यासाठी ठेवा.